एका आयताची टोपी

केमोथेरपीच्या काही औषधांनी पहिल्या मात्रेनंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांत केस गळू लागतात, हे मी दवाखान्यात किती जणांना सांगितले असेल याची मोजदाद नाही. सांगताना आवाज कधी अडखळला नव्हता. चार वर्षांपूर्वी आईच्या उशीवर तिच्या पांढऱ्या केसांचा पुंजका दिसला, तेव्हा मात्र मी तो घाईघाईने कागदात गुंडाळला आणि तिच्या रक्ततपासणीचे अहवाल चाळत बसले.

पुढचा आठवडाभर हेच चालले. रोज जायचे, नाडी पाहायची, औषधांची पाकिटे मोजायची आणि निघायचे. एका संध्याकाळी आई शांतपणे म्हणाली, "तू हल्ली मला तपासायला येतेस, भेटायला येत नाहीस."

माझ्याकडे उत्तर नव्हते. मग तीच म्हणाली, "कपाटाच्या खालच्या खणात माझ्या सुया आहेत. रात्री डोक्याला गार लागते. एक टोपी विणून दे."

आईची बोटे संधिवाताने आखडलेली. मी शाळा सुटल्यापासून सुयांना हात न लावलेली. माझी चलबिचल पाहून ती म्हणाली, "आयत काढता येतो ना? मग टोपी येईल. तुझी कुंची तरी काय होती? कापडाचा एक आयतच. मागे एक शिवण घातली, की तिला डोक्याचा आकार येतो."

पहिली टोपी फसली. अंदाजाने ११० टाके घातले होते. ती थेट आईच्या डोळ्यांवर उतरली. पंधरा दिवसांत प्रथमच आई मोठ्याने हसली. "लहान मुलाला औषध देताना वजन विचारतेस ना? मग नमुना न विणता टाके कसे घातलेस?"

तेव्हा रीतसर सुरुवात केली. लोकर उघड्या त्वचेला टोचते, म्हणून मऊ सुती दोरा घेतला. आधी एक छोटा चौकोन विणला. त्यात १० सेंटिमीटरला २० टाके बसले. मग डोक्याचा घेर मोजला. केस गेल्यावर तोही किंचित कमी होतो, हे मला कोणत्याच पुस्तकाने सांगितले नव्हते. घेर ५३ सेंटिमीटर भरला. विणलेला कपडा ताणला जातो, म्हणून ३ सेंटिमीटर कमी धरले आणि १०० टाके घातले. सुरुवातीचे ५ सेंटिमीटर दोन सुलट, दोन उलट अशी लवचीक किनार आणि पुढे साधे विणकाम, एकूण २२ सेंटिमीटर उंचीपर्यंत. झाला आयत.

खरी गंमत त्यानंतर होती. सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून दोरा ओवून तो आवळला आणि बाजू शिवली, की माथ्यावर चुण्यांची टोपी होते. त्याऐवजी टाके बंद करून, आयत दुमडून माथा सरळ शिवला, तर दोन कोपरे मांजराच्या कानांसारखे उभे राहतात. तेच कोपरे मधोमध आणून एकमेकांना टाचले, की टोपीला रुबाब येतो. माथा गोल हवा असेल, तर १०० टाक्यांचे दहा भाग करायचे आणि एकाआड एक ओळीत प्रत्येक भागातल्या शेवटच्या दोन टाक्यांचा एक करायचा. दहा त्रिकोण हळूहळू निमुळते होत एका वर्तुळात मिळतात. शिवण मात्र सपाट हवी. आतून फुगली तर टाळूला रुतते.

हे सारे मी आईच्या पलंगाशी बसून केले. हात गुंतलेले असल्यामुळे अहवाल चाळता येत नव्हते. सुटलेले टाके ती दाखवायची आणि त्या ओघात बोलायची: लहानपणीचे, बाबांचे आणि एकदा मरणाच्या भीतीचेही. ती भीती मी तोवर तिला विचारलीच नव्हती. कदाचित ऐकण्याची माझीच तयारी नव्हती.

कोपरे टाचलेली जांभळी टोपी घालून आई दीड महिन्यांनी भजनी मंडळात गेली. परतल्यावर म्हणाली, "आज कुणी तब्येत विचारली नाही. सगळ्यांनी टोपी कुणी विणली तेच विचारले."

उपचार संपल्यावर काही महिन्यांत केस परत आले, थोडे कुरळे होऊन. दर सहा महिन्यांच्या तपासणीआधी आम्हा दोघींनाही झोप लागत नाही, ते तसेच आहे. टोपीने आजार बरा होत नाही, हे मी डॉक्टर म्हणून स्पष्ट सांगेन.

पण रुग्णाचे नातेवाईक "आम्ही काय करू शकतो?" असे विचारतात, तेव्हा पथ्यपाणी सांगून झाल्यावर मी मोजपट्टी काढते आणि टाक्यांचा हिशेब लिहून देते. दोन सूचनाही देते. दर अर्ध्या तासाने सुया खाली ठेवून बोटे आणि मनगटे सैल करा. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले तर त्या दिवसापुरते थांबा. आणि विणायला बसाल ते रुग्णाच्या शेजारीच बसा, दुसऱ्या खोलीत नको.