पोदुमाम्

१९९१ साली मद्रासच्या अयनावरम भागातल्या आमच्या भाड्याच्या घरात कपडे धुण्याचे स्वयंचलित यंत्र आले, तेव्हा त्या घराच्या नळाला पाणी येत नसे. पाणी अगदीच नव्हते असे नाही. ते रस्त्याखालच्या वाहिनीत येऊन थांबे. तिथून वर चढण्याइतका जोर त्याच्यात नसे. त्या काळच्या मद्रासमधल्या असंख्य घरांप्रमाणे आमच्याही अंगणात त्या वाहिनीवर एक हातपंप बसवलेला होता. पहाटे तो हलवायचा आणि जितके पाणी निघेल तितके रंगीत प्लास्टिकच्या घागरींत भरून ठेवायचे. या घागरींना इकडे कुडम म्हणतात. यंत्राच्या पाठीमागची पाणी घेणारी नळी कशाला जोडायची, हे दुकानातून आलेल्या मुलाला कळेना. त्याने ती गुंडाळून यंत्रामागे खोचली आणि नळाला पाणी आले की निरोप पाठवा, असे सांगून तो निघून गेला.

असले यंत्र घ्यावे कशाला, असे कोणीही विचारील. सासूबाईंनी विचारलेच. पण माझे यजमान पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत होते. रेल्वेचे डबे बांधणाऱ्या माणसाला यंत्राची रचना आवडली की त्याची सोय-गैरसोय गौण वाटू लागते. पाण्याच्या दृष्टीने पाहिले तर दोन टोपल्यांचे अर्धस्वयंचलित यंत्रच शहाणपणाचे होते. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) व्हिडिओकॉनची तशी यंत्रे तेव्हा जाहिरातींच्या बळावर देशभर घराघरांत शिरत होती. त्यांत एका टोपलीत कपडे घुसळायचे आणि हाताने उचलून दुसरीत पिळायला टाकायचे. यजमानांना ते हाताने उचलणेच मान्य नव्हते. ‘मग स्वयंचलित कशाला म्हणायचं?’ असे ते विचारीत. शेजारच्या पाँडिचेरीत टी.व्ही.एस. आणि अमेरिकेची व्हर्लपूल यांच्या भागीदारीतला कारखाना निघाल्यापासून वरून उघडणारी, एकाच टोपलीत सगळे उरकणारी यंत्रे मद्रासच्या दुकानांत दिसू लागली होती, आणि यजमान दर शनिवारी ती नुसती पाहून येत असत.

नळी मागे खोचलेल्या त्या यंत्रापुढे ते थोडा वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, ‘वरून ओतून पाहू.’ ओतायला आमच्याकडची धुणेवाली पुढे झाली. तिला आम्ही सगळे अक्का म्हणत असू. तमिळमध्ये आणि मराठीत हा शब्द एकच असल्यामुळे तिला हाक मारताना आपण परक्या भाषेत बोलतो आहोत असे सासूबाईंना कधी वाटले नाही. अक्काने पहिला कुडम ओतला, दुसरा, तिसरा. यंत्र मुके. चौथा अर्धा झाला तोच आतून ‘टक्’ असा बारीक आवाज आला, घुर्रऽ करून टोपलीतला पंख्यांचा खांब इकडून तिकडे वळू लागला आणि कपडे एकेक करून खाली बुडाले. अक्काने कुडम तिथेच थांबवला आणि म्हणाली, ‘पोदुमाम्.’

पोदुम म्हणजे पुरे. शेवटी आम् लावला की ते दुसऱ्याचे बोलणे होते, आपल्या ‘म्हणे’सारखे. पुरे म्हणे. यंत्र पुरे म्हणते आहे, हे तिने आम्हाला भाषांतर करून सांगितले होते.

ते कसे कळत होते, हे मला पुढे यंत्र उघडले गेले तेव्हा समजले. टोपलीबाहेरच्या पिंपाच्या तळाशी हवेची एक लहानशी कोठी असते. तिच्यातून बोरूएवढी नळी वर चढते आणि एका चपट्या डबीत जाते. डबीत रबराचा पडदा आणि त्याला टेकलेला विजेचा खटका. पिंपात पाणी चढू लागले की कोठीतली हवा कोंडली जाते, पडदा फुगतो आणि ठरलेल्या उंचीला खटका पडतो. एवढेच. पाणी नळातून आले, पावसातून आले की अक्काच्या कुडमातून, याची त्या पडद्याला फिकीर नाही. त्याला उंची तेवढी कळते. आणि ती उंची येईपर्यंत यंत्रातले घड्याळही थांबलेले असते. दुसरा कुडम भरायला अक्काला अर्धा तास लागला तरी यंत्र अर्धा तास थांबत असे. घाई नाही की तक्रार नाही. अमेरिकेत ज्यांनी हे योजले, त्यांच्या डोळ्यांपुढे नळाच्या कमीजास्त जोराची घरे असणार. अयनावरमचा हातपंप त्यांच्या ध्यानीमनी नव्हता, तरीही तो त्यांच्या योजनेत बसला.

त्या देशात या यंत्रांची सुरुवात मात्र वरून झाली नव्हती. १९३७ साली बेंडिक्स कंपनीने काढलेले पहिले घरगुती स्वयंचलित यंत्र पुढून उघडणारे, काचेच्या गोल खिडकीचे होते, आणि पिळताना ते इतके हादरे की त्याला जमिनीला बोल्टांनी जखडावे लागे. वरून उघडणारी स्वयंचलित यंत्रे १९४७ च्या सुमारास आली आणि पुढची पन्नासएक वर्षे अमेरिकी घरांत त्यांचेच राज्य होते. त्यांतल्या काहींना साबणाचे पाणी राखण्याची सोय असे: पहिल्या धुण्याचे फेसाळ पाणी यंत्र शेजारच्या हौदात सोडी आणि दुसऱ्या धुण्यासाठी तेच परत ओढून घेई. हे वाचून मला हसू आले, कारण सासूबाईंचा नियम शब्दशः तोच होता. आधी पांढरे, मग रंगीत, मग पायपुसणी, आणि उरलेले पाणी मोरीला. आमच्या यंत्राला ती सोय नव्हती, पण त्याची सांडपाण्याची नळी हवी तिथे वळवता येत होती. ती आम्ही मोठ्या पिंपात सोडत असू. साबणाचे पाणी फरशीला, विसळण्याचे पाणी उद्याच्या धुण्याला. एक थेंबही गटारात गेलेला अक्का खपवून घेत नसे, कारण तो थेंब तिने उपसलेला असे.

झाकण उघडे ठेवूनही धुणे चाले. फक्त पिळण्याच्या वेळी उघडले तर यंत्र थांबे. त्यामुळे विसरलेला मोजा मागाहून टाकता येई, गुंतलेली बाही सोडवता येई. नऊवारीचे मात्र भांडणच होते. नऊ वार कापड त्या खांबाभोवती असे काही गुंडाळले जाई की ते उलगडायला दोन बायका लागत. सासूबाईंनी ‘माझं पातळ त्या भोवऱ्यात घालायचं नाही’ असे पहिल्याच आठवड्यात जाहीर केले, आणि सोवळ्याचे कपडे तर यंत्राच्या आसपासही येऊ दिले नाहीत. ते अंगणातल्या दगडावरच धुतले जात. दक्षिणेतल्या जुन्या घरांत तो दगड असतोच, कंबरेइतक्या उंचीवर तिरका बसवलेला. वाकावे लागत नाही. आपल्याकडच्या उकिडव्या धुण्यापेक्षा ही सोय मला पहिल्यापासून अधिक सुज्ञ वाटत आली आहे.

या शहराचे आणि धुण्याचे नाते तसे जुने आहे. उत्तरेकडच्या एका पेठेचे नावच वण्णारपेट्टै, म्हणजे धोब्यांची पेठ; इंग्रजांनी तिचे वॉशरमनपेट केले. ईस्ट इंडिया कंपनी इथून जे सुती कापड जहाजांनी पाठवी, ते आधी धुऊन शुभ्र करावे लागे, आणि ते करणारे लोक तिथे वसले होते. शहराच्या इतिहासात किल्ल्याचे वर्णन पानेच्या पाने येते. कापड शुभ्र करणाऱ्यांच्या वाट्याला पेठेचे एक नाव आले.

यंत्राच्या घड्याळाचीही गोष्ट सांगितली पाहिजे. दर्शनी बाजूच्या मोठ्या गोल बटणामागे एक चिमुकली मोटर असे. ती दातेरी चाकांतून एक कंगोरेदार नळकांडे अगदी हळू फिरवी. कंगोऱ्यांवर पितळी पट्ट्या चढत-उतरत, आणि तेवढ्यावर ठरे की आता भर, आता घुसळ, आता सोड, आता पीळ. वीज गेली की नळकांडे होते तिथे थांबे. वीज आली की तिथूनच पुढे निघे. त्याला काही लक्षात ठेवावे लागत नसे, ते फक्त तिथे असे. २०१२ साली चेन्नईत रोज दोन तासांची वीजकपात सुरू झाली. शेजारच्यांची नव्या तऱ्हेची यंत्रे वीज आल्यावर पहिल्यापासून आरंभ करीत. आमचे जुने यंत्र अर्धवट वाक्य पुरे करावे तसे चालू लागे. त्याच साली ते कायमचे थांबले. मेकॅनिकने ते नळकांडे काढून मला दाखवले. एक कंगोरा झिजला होता. तसला भाग आता येत नाही, असे म्हणून त्याने तो वर्तमानपत्रावर ठेवला. यजमानांनी तो भिंगाखाली बराच वेळ पाहिला.

त्यानंतर आलेले यंत्र पुढून उघडणारे आहे, गोल काचेचे. ते पाणी कमी घेते, वीज कमी खाते, सुती कपडे फाडत नाही. त्याच्याविषयी वाईट बोलण्यासारखे थोडेच आहे. पण २०१९ च्या जूनमध्ये पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे चारही तलाव जवळजवळ कोरडे पडले आणि पुढच्या महिन्यात जोलारपेट्टैहून आगगाडीने २५ लाख लिटर पाणी शहरात आणावे लागले, तेव्हा आमच्या टाकीतही टँकरचे पाणी बेताने सोडले जाई. यंत्र ठरावीक मिनिटे वाट पाही, मग तीनदा शीळ घालून एक अक्षर आणि एक आकडा दाखवी. दार कुलूपबंद, कपडे आत. भरलेली बादली हातात असून ती ओतायला जागा नव्हती.

पण अक्काचे काम सुटले ते दुष्काळात नव्हे, पाणी आल्यावर. १९७६ साली महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांनी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातून मद्रासला वर्षाला प्रत्येकी ५ टीएमसी, म्हणजे ५ अब्ज घनफूट, पाणी देण्याचे मान्य केले होते. ते कालव्याने पूंडीच्या जलाशयात पोचायला १९९६ उजाडले. त्याच वर्षी मद्रासचे चेन्नई झाले. सासूबाई मूळच्या वाईच्या; कृष्णेच्या घाटावर लहानपण गेलेले. बातमी वाचून दाखवली तेव्हा त्यांनी यंत्राकडे बोट केले. ‘म्हणजे आता यात कृष्णाबाईचं पाणी येणार?’

‘थोडं येईलही, आई,’ मी म्हणाले.

‘येऊ दे. तरी सोवळ्याचं नाही घालायचं.’

पुढच्या वर्षी घरमालकांनी अंगण खोदून जमिनीखाली टाकी बांधली, मोटर बसवली, गच्चीवर दुसरी टाकी चढवली. सहा वर्षे यंत्रामागे गुंडाळून पडलेली नळी नळाला जोडली गेली. ते यंत्र खऱ्या अर्थाने स्वयंचलित झाले तो महिना अक्काचा आमच्याकडचा शेवटचा महिना ठरला. गल्लीतल्या इतर तीन घरांनी यंत्र आले त्याच दिवशी तिला नको म्हटले होते. आमच्याकडे सहा वर्षे जास्त टिकली, ती हातपंपाच्या कृपेने. सासूबाईंनी तिला दगडावरच्या धुण्यासाठी ठेवू पाहिले. दोन पातळांसाठी रोज येणे तिला परवडणारे नव्हते. ती पुढे किल्पॉककडच्या एका खाणावळीत भांड्यांवर लागली.

जुन्या यंत्रांवर जीव असलेली माणसे जगभर आहेत. ती त्यांच्या गिअरांविषयी आणि पट्ट्यांविषयी प्रेमाने बोलतात, आणि मीही वर तेच केले आहे. मला त्या रबरी पडद्याचे कौतुक आजही वाटते. परंतु आमच्या घरात त्या पडद्याचे शहाणपण दिसले ते एका बाईच्या कमरेवरून सहा वर्षे पाणी आले म्हणून. पूर्ण खुणेला सहा कुडम धुण्याचे, सहा विसळण्याचे. नळ असता तर तो ‘टक्’ आवाज मी कधी कान देऊन ऐकलाच नसता.

२००० साली अक्का नातीच्या लग्नाचे बोलावणे घेऊन आली. सासूबाई तेव्हा अंथरुणावर होत्या. त्यांच्याजवळ थोडा वेळ बसली, कुंकू लावले. जाताना मागच्या अंगणात डोकावली. यंत्र भरत होते. तिने झाकण उचलून आत पडणारी धार पाहिली.

‘आपोआप येतं?’

‘येतं.’

‘मग हे झाकण कशाला ठेवलंय?’ असे म्हणून ती हसली आणि टक् आवाज होईपर्यंत तिथेच उभी राहिली. मग झाकण लावून, पत्रिकेवर हळद नीट लागली आहे ना ते पाहून, बाकीच्या घरांची बोलावणी करायला निघाली.