खाडीत पायी उतरणारी माणसं

उरणच्या खाड्यांत चिंबोरी धरायला तेव्हा फार काही लागत नसे. लोखंडी सळईची एक आकडी, पाठीवर करंडी आणि भरती-ओहोटीचं गणित. आमच्या घरात हे गणित चुलत आजीकडे होतं. आवस-पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, आणि पाण्याची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकणार, एवढ्यावर ती ओहोटीची वेळ बिनचूक सांगायची. पाणी उतरलं की काष्टा घट्ट करून गुडघाभर चिखलात शिरायची. तिवराच्या मुळांशी एखाद्या बिळाच्या तोंडावर ताजा चिखल दिसला की आत चिंबोरी आहे हे ठरलेलं. आकडी आत सारायची आणि थांबायचं. आतून आकडीला ओढ लागली की घाई न करता बाहेर काढायची, पाठीवर पाय दाबून धरायचा आणि दोन्ही नांग्या सुतळीने आवळून टाकायच्या.

मग ती चिंबोरी उलटी करून पायाच्या मुळाशी अंगठ्याने दाबायची. कवच दबलं तर चिंबोरीने नुकतीच कात टाकलेली, आत मांस कमी आणि पाणीच जास्त. सुतळी सोडून ती परत चिखलात. “आवसेची भरलेली, पुनवेची पोकल,” असं म्हणायची. पोकळ चिंबोरी नेली तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी तोंड फिरवणार, हा साधा धंद्याचा हिशेब होता. पण त्या हिशेबाने कितीतरी चिंबोऱ्या वाढायला मागे राहत. कायद्याने जे साधायचं असतं, ते बाजारात बसणाऱ्या बाईच्या अंगठ्याने साधलं जात होतं.

त्या काळाला सोन्याचा मुलामा मला द्यायचा नाही. चुलीला तिवराचं लाकूड आम्हीही आणलं आहे. मात्र आमच्या कोयत्याने जेवढं तुटे, तेवढं पुन्हा फुटे. भरावाखाली गेलेलं पुन्हा फुटत नाही, हे आम्ही नंतर पाहिलं. 1989 मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. पुढे नवी मुंबई पसरली, रस्ते, गोदामं, कंटेनर यार्ड आले, आणि ज्या खाड्यांची नावं आम्हाला पाठ होती त्यांची तोंडं बुजत गेली.

नियमही याच काळात आले. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना फेब्रुवारी 1991 ची. ऑक्टोबर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाची, म्हणजे आमच्या तिवरांची, तोड थांबवली आणि त्याच्या भोवती 50 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई केली. 2012 मध्ये वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. सरकारी जमिनीवरची कांदळवनं राखीव वनं म्हणून जाहीर होत गेली. हे झालं नसतं तर ठाण्याच्या खाडीकाठी आज तिवर दिसला नसता, आणि तिवर नाही तिथे चिंबोरीही नाही. तिची पिल्लं त्याच मुळांत आसरा घेतात. या नियमांविरुद्ध बोलणाऱ्या आमच्याच माणसांशी मी म्हणूनच भांडतो.

पण नियमाला झाड दिसलं, त्या झाडाखाली पोट भरणारा माणूस दिसला नाही. आजीच्या वाटेने आज माझा पुतण्या आकडी घेऊन उतरतो तेव्हा “हे राखीव वन आहे” असं सांगून त्याला हटकलं जातं. आणि बुलेट ट्रेनसाठी सुमारे 22 हजार कांदळवृक्ष तोडायची परवानगी डिसेंबर 2022 मध्ये मिळते. किनारा नियमनाच्या 2019 च्या अधिसूचनेने तर खाडीकाठची 100 मीटरची पट्टी 50 वर आणली. आकडीवाल्याला कडक आणि बुलडोझरला सैल, असा हा न्याय मला मुळीच पटत नाही.

एकदा पारडं आमच्या बाजूलाही झुकलं. 2015 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाने बंदराच्या भरावामुळे रोजी बुडालेल्या उरण परिसरातल्या 1,630 कोळी कुटुंबांना 95 कोटी 19 लाख रुपयांची भरपाई द्यावी असा आदेश दिला. रामदास जनार्दन कोळी आणि त्यांचे सोबती अर्ज घेऊन गेले होते. ज्या पर्यावरण कायद्याला आमची माणसं घाबरतात, त्याच कायद्याने खाडी ही त्यांची रोजी आहे हे मान्य केलं.

आता बाजारही पालटला. आजी पाटीत जोड्या लावून बसायची. आता चिंबोरी वजनावर जाते. मोठी तर बाजारात पोचतच नाही. व्यापारी ती जिवंत उचलतो आणि ती सिंगापूरसारख्या ठिकाणी जाते. मागे उरते ती लहान, आणि भाव असा की लहानही कोणी सोडत नाही. यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै समुद्र बंद असतो, चिखलात उतरणाऱ्याला मात्र स्वतःलाच आवर घालावा लागतो. 2017 च्या कांदळवन योजनेतून गावोगावच्या गटांनी कुंपणात चिंबोऱ्या वाढवायला घेतल्या. हे चांगलंच आहे. पण त्यासाठी पिल्लं तामिळनाडूच्या उबवणी केंद्रातून आणायची, खाद्याचा खर्च करायचा. ज्याच्याकडे फक्त आकडी आहे त्याला गटाशिवाय हे झेपत नाही.

मुळातली अडचण कागदाची आहे. मासेमारीचा परवाना होडीला मिळतो. पायी उतरणाऱ्याकडे होडी नाही, त्यामुळे परवाना नाही, आणि भरपाईच्या वेळी आपण मच्छीमार आहोत हे सिद्ध करताना त्याची दमछाक होते. मत्स्यव्यवसाय खात्याने आणि कांदळवन कक्षाने एकत्र बसून प्रत्येक खाडीकाठी अशा बाया-माणसांची नोंद करावी, त्यांना ओळखपत्र द्यावं, आकडीने चिंबोरी धरण्याचा हक्क लेखी मान्य करावा. पोकळ आणि लहान चिंबोरी परत सोडण्याची अट त्या ओळखपत्रावरच घालावी. आमची माणसं ती पाळतील.