दारें धरणें

एखादी वस्तु उघडत नाहीं तेव्हां मनुष्य तत्काळ अस्वस्थ होतो. परंतु ती मिटत नाहीं हें ध्यानांत यावयास त्याला पुष्कळ वेळ लागतो. नाशकांतील आमच्या अंगणांत हिरवळीवर पाणी उडविणारे फवारे आहेत. गेल्या वैशाखांत त्यांचा व्हॉल्व्ह असाच बिघडला. ठरलेली दहा मिनिटें संपलीं तरी फवारे आपले उडतच राहिले. "बागेला थोडें अधिक पाणी मिळालें तर बिघडलें कोठें?" असें घरांतील मंडळींचें मत पडलें. पाहावयास आलेल्या कारागिराचें मत, सारेंच नवें बसवा, असें होतें. दोन्ही मतें ऐकून घेऊन आम्हीं रोग शोधावयास बसलों.

प्रथम व्हॉल्व्हकडे येणारी विजेची तार सोडविली, पाणी थांबेना. म्हणजे दोष विजेचा नव्हता, पोटांतला होता. या व्हॉल्व्हची रचना मोठी मौजेची आहे. त्याला मिटून ठेवणारें बळ विजेचें नसतें, खुद्द पाण्याचेंच असतें. आंत एक रबरी पडदा असतो व एका सूक्ष्म छिद्रांतून पाणी त्याच्या वरच्या कोठडींत शिरतें. दाब दोहोंकडे सारखाच, पण वरचें क्षेत्र मोठें. म्हणून पडदा खालीं दबून वाट अडवितो. वेटोळ्यांतून 24 व्होल्टांची वीज गेली कीं एक लहानशी दांडी उचलली जाते, कोठडींतील पाणी निसटतें आणि पडदा वर उठतो. वीज थांबली कीं कोठडी पुन्हा भरते. तें छिद्रच बुजलें तर ती भरावी कशी? मुख्य नळ बंद करून आम्हीं झांकण उघडलें, तों छिद्रांत वाळूचा एक कण बसलेला! पडदा स्वच्छ पाण्यानें धुतला आणि व्हॉल्व्ह शहाण्यासारखा मिटला.

पाणी देण्याला आपला शेतकरी 'दारें धरणें' म्हणतो, तें कां, हें त्या दिवशीं आम्हांस नव्यानें उमगलें. फावड्यानें एका वाफ्याचें दार तो मातीनें बुजवितो, तेव्हांच दुसऱ्याचें उघडतें. बागलाणांत मोसमेच्या कांठीं आणि पलीकडे धुळें जिल्ह्यांत पांझरेच्या कांठीं फडपद्धतीनें पिढ्यान् पिढ्या पाणी वांटलें गेलें. तेथें पाळीनें पाणी फिरविणारा पाटकरी हाच व्हॉल्व्ह. एकाचें दार त्यानें वेळेवर मिटलें नाहीं, तर खालच्या शेतकऱ्याचें पीक डोळ्यांदेखत करपणार. आणि तो शेतकरी बांधावरच उभा असणार!

आमच्या हिरवळीच्या बांधावर कोणी उभें नसतें. गंगापूरच्या धरणांतील पाणी नळावाटें घरांत येतें. आम्ही तें घेत राहिलों तर कोणाचा हंडा रिता राहिला, हें दिसत नाहीं. "बिघडलें कोठें?" हा प्रश्न त्या न दिसण्यांतूनच निघतो. नळानें आपले कष्ट वांचविले, यांत संशय नाहीं. पण खालच्या वाफ्याचा धनी त्यानें नजरेआड केला. व्हॉल्व्हच्या मागें आम्हीं आतां गाळणी बसविली आहे, आणि हिरवळीची दहा मिनिटें पांचांवर आणिलीं आहेत. गवत थोडें पिंवळें दिसतें, दिसूं द्यावें.