भिवंडीहून म्हशाच्या जत्रेला

भिवंडीत वाढलेल्या मुलाला मागाचा आवाज समजतो. शेजारच्या शेडमधला माग बंद पडला, की आमच्या वर्गातली काही मुले खिडकीकडे न बघता सांगतात, "सर, धागा तुटला." पण शेळीच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, हे आठवी-नववीच्या त्याच मुलांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. बकरी ईदच्या आधी आपल्या गल्ल्यांत बकरे येतात. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून ट्रक भरून येतात. मुले पाला आणतात, नावे ठेवतात, संध्याकाळी फिरायला नेतात. ओळख होते न होते तोच ईद उजाडते. जनावर घरात येते, पण जनावराबद्दलचे ज्ञान येत नाही.

खरे तर हे गाव मागांच्या आधी भाताचे होते. तालुक्यात आजही भात पिकतो. महापोलीसारख्या गावांत कोकणी मुसलमान घराणी पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत आली. शहराभोवती म्हशींचे तबेले आहेत. आमच्या कितीतरी मुलांच्या नानीच्या घरी अजून गोठा आहे, पण सुट्टीत गेलेली मुले तिथेही मोबाईल घेऊन ओट्यावर बसतात. म्हणून आम्ही तिघा शिक्षकांनी ठरवले, की या वर्षी सहल वॉटर पार्कला न नेता म्हशाच्या जत्रेला न्यायची.

म्हसा हे मुरबाड तालुक्यातले गाव, मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पौष पौर्णिमेला, म्हणजे साधारण जानेवारीत, तिथे खांबलिंगेश्वराची जत्रा भरते आणि त्याबरोबर जनावरांचा मोठा बाजार. ठाणे, रायगड, पुणे, नगर, नाशिक अशा भागांतले शेतकरी तिथे येतात. घोंगड्या, बांबूच्या टोपल्या, सुपे, कोयते, विळे, नांगराचे सामान, मिठाई, पाळणे असे सगळे असते. पण आमचे लक्ष होते ते बाजाराच्या माळावर.

परवानगीची पत्रे पाठवली, तेव्हा दोन-तीन घरांतून फोन आले. एका विद्यार्थ्याच्या अम्मीने संकोचत विचारले, "जनावरांच्या बाजारात आपली मुलं? आजकालच्या दिवसांत बरं दिसेल का?" प्रश्न उगाच नव्हता. जनावरे नेताना आपल्या माणसांना रस्त्यात अडवल्याच्या, मारल्याच्या बातम्या तिनेही वाचल्या होत्या, आम्हीही. आम्ही तिला सांगितले, की मुले गणवेशात असतील, मुख्याध्यापकांचे पत्र बरोबर असेल, जायच्या आधी तिथल्या ग्रामपंचायतीला कळवू आणि आपण काही विकत घ्यायला जात नाही, शिकायला जातो. तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "मग जाऊ द्या. नाहीतर ही मुलं बघणार कधी?" शेवटी अडतीस मुले-मुली निघाली.

सकाळी कोनगाव ओलांडून दुर्गाडीच्या पुलावरून कल्याणात शिरलो, शहाडवरून मुरबाड रस्त्याला लागलो. रायत्याला उल्हास नदी लागली, तशा इमारती मागे राहिल्या. कापणी झालेली भातखाचरे, पेंढ्याची उडवी, बांधावर वाल. मुरबाड सोडल्यावर रस्त्याच्या कडेने बैल चालताना दिसू लागले. शिंगांना ताजा रंग, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल. गाडीतला गलका आपोआप थांबला.

बाजाराच्या माळावर आधी जाणवते ती धूळ, मग शेणाचा आणि पेंढ्याचा वास. त्यानंतर लक्षात येते, की इथे आरडाओरडा फारसा नाही. गिऱ्हाईक जनावराभोवती फिरते, पाठीवरून हात फिरवते, खूर बघते, दहा पावले चालवायला सांगते. भाव ठरताना दोघांचे हात एका रुमालाखाली जातात. बोटे दाबून आकडा सांगायचा, बोटे दाबूनच नाकारायचा. बाजूला उभ्या माणसाला काही कळत नाही. मुलांना ही गुप्त भाषा फार आवडली आणि परतीच्या गाडीत रुमालाखाली चिक्कीचे सौदे झाले.

पहिला धडा दातांचा. एका वयस्क शेतकऱ्याने बैलाचा ओठ वर करून दाखवला. गाय, बैल, शेळी, मेंढी यांना पुढचे दात खालच्याच जबड्यात असतात, आठ. वर नुसती कठीण हिरडी. दुधाचे दात पडून पक्के दात येतात ते मधून सुरू होऊन जोडीजोडीने. बैलाची पहिली जोडी साधारण दोन ते अडीच वर्षांनी येते आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास आठही दात भरतात. दुधाच्या दातांचा तो आदत, दोन दातांचा दुसा, चारांचा चौसा, आठ भरले की जुळलेला. शेळीत हेच लवकर घडते. पहिली जोडी वर्ष ते दीड वर्षात येते, आठ दात भरायला साधारण चार वर्षे लागतात. ईदच्या बाजारात ‘दो दाँत, चार दाँत’ हे शब्द आपण सगळेच ऐकतो. कुर्बानीला जनावराचे वय किती लागते, हे आपापल्या मसलकाप्रमाणे घरातले वडील सांगतात. पण समोरच्या जनावराचे वय खरोखर तेवढे आहे का, हे ओळखणे ही शिकून घ्यायची गोष्ट आहे.

दुसरा धडा डांगी जनावराचा. अंगावर पांढऱ्यात काळे किंवा तांबडे ठिपके, मध्यम बांधा, काळे कठीण खूर. मुले "हा मळलाय का?" असे विचारत होती. मालकाने एकाचा हात धरून बैलाच्या पाठीवर फिरवला आणि बोटांना तेलकटपणा लागला. डांगीच्या कातडीतून तेलासारखा पदार्थ झिरपतो, त्यामुळे सह्याद्रीच्या धुवाधार पावसातही पाणी अंगावर टिकत नाही. भाताच्या चिखलात दिवसभर राबणारा हा बैल आहे. गाय दूध थोडे देते, म्हणून पुष्कळांनी ती सोडली. त्यात पॉवर टिलर आला आणि बैलांची गरज कमी झाली. अशा जातींची लोकांना आठवण राहावी, चांगल्या वळूची किंमत कळावी, म्हणून नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. तिथे दातांप्रमाणे गट पाडतात आणि बांधा, रंग, खूर, चाल बघून क्रमांक देतात. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग पसरला, तेव्हा राज्यात असे बाजार आणि प्रदर्शने बंद ठेवावी लागली. तो काळ आठवून मालक म्हणाला, "बैल दारातच ऱ्हायला. कुणी बघायला नाय आलं, तर त्याला खाजवायचं तरी कशाला, असं वाटायचं." तरी तो रोज खाजवत होता, हे बैलाच्या अंगाकडे बघून कळत होते.

आमच्या एका मुलाने दावे हातात घेतले आणि शहरातल्या सवयीने दोन वेढे मनगटाला गुंडाळले. शेतकरी जवळजवळ ओरडलाच, "सोड, सोड! बुजलं तर हात घेऊन जाईल." मग त्याने दाखवले. दोरी हातात दुमडून धरायची, गुंडाळायची नाही. जनावराच्या मागे उभे राहायचे नाही, खांद्याजवळ राहायचे. मुलाने नाव सांगितले. शेतकऱ्याने ते एकदा नीट उच्चारून पाहिले आणि म्हणाला, "आता चालव." मुलगा वीस पावले बैल घेऊन चालला. त्या अम्मीने फोनवर विचारलेल्या प्रश्नाला आमच्याकडे याहून चांगले उत्तर नाही.

सर्वांत जास्त शिकवले ते शेळ्यांच्या बाजूला उभ्या असलेल्या एका मुलीने. ती आमच्या नववीतल्या मुलींएवढीच असेल. वडिलांबरोबर चार शेळ्या घेऊन आली होती. आमच्या मुलींनी तिला घेरले. कधी व्याली? किती पिल्ले? काय खाते? ती न अडखळता सांगत होती: सकाळी चरायला, संध्याकाळी वालाचा पाला, पावसाळ्याआधी जंताचे औषध. शेळीचे पोट साधारण पाच महिन्यांचे, हेही तिने बोटांवर महिने मोजून दाखवले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आले आणि त्याने तिसऱ्या शेळीचा भाव विचारला. ती म्हणाली, "काका, हिचा एका बाजूचा सड बारीक हाय. पिलाला दूध पुरतं, पण तुम्ही बघून घ्या." वडील काही बोलले नाहीत. गिऱ्हाईकाने बघितले, भाव थोडा कमी केला आणि शेळी घेऊन गेले.

परतताना मुरबाडला आम्ही जोहर अदा केली आणि डबे उघडले. तिथे एका मुलीने आपणहून धान्याच्या ढिगाची गोष्ट काढली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तर खालचे धान्य ओले निघाले. ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणारा आपल्यातला नाही, असे बजावले. ही गोष्ट आमची मुले मदरशात पाठ करतात. त्या दिवशी त्यांनी ती एका मुलीच्या तोंडून बाजारात घडताना ऐकली. सर्व प्रेषितांनी शेळ्या-मेंढ्या राखल्या, हेही त्यांना पाठ आहे. मुक्या जीवाला राखायला किती सबुरी लागते, हे मात्र शेळी समोर असल्याशिवाय समजत नाही.

शाळा आणि जनावर यांची गाठ घालण्याचा विचार नवा नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लार्क काउंटीत १९०२ साली ए. बी. ग्रॅहम या शाळा-अधिकाऱ्याने शेतकऱ्यांच्या मुला-मुलींचे मंडळ सुरू केले. त्यातून पुढे ‘फोर-एच’ ही चळवळ वाढली. तिथली मुले एखादे वासरू, कोकरू किंवा कोंबडी स्वतः वाढवतात, चाऱ्याचा आणि खर्चाचा हिशेब वहीत लिहितात आणि गावच्या जत्रेत परीक्षकांसमोर जनावर घेऊन उभी राहतात. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर उलटी वाट धरली. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा म्हणून ती ओळखली गेली. आजही कृषी महाविद्यालयांचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणून खेड्यांत राहायला जातात. गेल्या पावसाळ्यात आपल्याच तालुक्यातल्या एका गावात अशा कृषिकन्यांनी मांडलेले छोटे प्रदर्शन आम्ही पाहिले होते. ॲझोलाचा वाफा, गांडूळ खत, बीजप्रक्रिया. भाताच्या शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि तो एकवीस दिवस हवाबंद झाकून ठेवायचा, म्हणजे तोच नि:सत्त्व पेंढा जनावराला जास्त पोषण देतो, हे त्या वीस-एकवीस वर्षांच्या मुली गावातल्या बुजुर्गांना समजावून सांगत होत्या. प्रमाण चुकवायचे नाही, युरिया वाढवला तर विषबाधा होते, हेही त्या प्रत्येकाला दोनदा सांगत होत्या. बुजुर्ग ऐकत होते.

जत्रेहून आल्यावर महिन्याभराने आम्ही शाळेच्या व्हरांड्यात असेच छोटे प्रदर्शन मांडले. दातांचा तक्ता, पाच प्रकारच्या चाऱ्याचे नमुने, काळी उस्मानाबादी, पांढरी संगमनेरी आणि तोंडावर पांढरे पट्टे असलेली कोकण कन्याळ यांची चित्रे. चार मुलांनी घरच्या शेळ्या आणल्या. एक पशुवैद्यक परीक्षक म्हणून आले. त्यांनी वजन, वय, खाणे विचारले, तोवर मुले धडाधड बोलली. मग त्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "हिच्यात कमी काय आहे?" चारांपैकी तिघे गप्प झाले. चौथा म्हणाला, "काहीच नाही, सर, एकदम भारी आहे." डॉक्टर हसले आणि त्यांनी त्या शेळीचा वाढलेला खूर उचलून दाखवला. पहिला क्रमांक त्या दिवशी कोणालाच दिला नाही.

म्हणून आम्ही आता वहीचा नियम केला आहे, आणि तो वाचकांच्या घरीही चालण्यासारखा आहे. ईदसाठी जनावर आणायचे असेल आणि जागा असेल, तर आदल्या आठवड्याऐवजी दोन-तीन महिने आधी आणा. ते घरातल्या एका मुलाच्या किंवा मुलीच्या स्वाधीन करा आणि त्याला एक वही द्या. वहीत रोज चार ओळी: आज काय खाल्ले, पाणी किती प्यायले, लेंड्या कशा होत्या, आज त्याला काय त्रास दिसला. जागा नसेल, तर नानीच्या गावातल्या शेळीची वही सुट्टीत लिहिता येते. शेवटची ओळ रिकामी ठेवायची नाही. त्रास दिसला नाही, तर ‘पाहिले, दिसला नाही’ असे लिहायचे.

सध्या अशा अकरा वह्या आमच्याकडे दर शुक्रवारी येतात. बऱ्याच पानांवर अजून ‘सब ठीक’ एवढेच असते. पण गेल्या आठवड्यात सातवीतल्या एका मुलाने लिहिले आहे: "आज त्याने पाला सोडला. कान गरम लागले. अब्बा म्हणाले उद्या बघू. मी म्हटलं आजच." खाली डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचे नाव आहे आणि दुसऱ्या दिवशीच्या पानावर, पाला किती खाल्ला त्याचा हिशेब.