किक मारायची जीप

सांगली जिल्ह्यातल्या जतसारख्या दुष्काळी तालुक्यात मोडकी वस्तू सहजासहजी टाकून देत नाहीत. पुढेमागे लागेल म्हणून ती पडून राहते. याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून सुमारे ६० हजार रुपयांत छोटी जीप उभी केली. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी ही गाडी डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजली. लोकांना किकचं हसू आलं. मला मात्र त्यातच खरी अक्कल दिसते, कारण किक असली की स्टार्टरच्या मोटारीवाचून भागतं. हाताशी आहे त्यातून काय वगळता येईल, हे ओळखणं ही अर्धी इंजिनिअरिंगच झाली.

आक्षेप सरळ आहे: असली गाडी नियमात बसत नाही. उद्योगपती आनंद महिंद्रांनीही ते कबूल केलं, तरीही बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. आक्षेप रस्त्यापुरता शंभर टक्के बरोबर आहे. वेल्डिंगचा सांधा निसटला तर कौतुक कामाला येत नाही. पण म्हणून बनवणंच थांबवायचं? चार मित्र जमले की एक चॅसी धरतो, दुसरा टाके मारतो, तिसरा ‘हे चालायचं नाही’ म्हणत बसतो, आणि बहुतेक वेळा चूक तोच आधी पकडतो. असली गाडी आयटीआयच्या आवारात, ब्रेक तपासून, सावकाश फिरवायला तरी कुणाची हरकत नसावी.