तपकीर गल्लीतली चौकशी

आईला यूट्यूबवर जुनी नाटकं बघायची आहेत, म्हणून लॅपटॉप घ्यायला आज तपकीर गल्ली गाठली. दुकानदार गिगाहर्ट्‌झ आणि कोअर मोजून दाखवत होता. मी एवढंच विचारलं, एव्ही१चं डिकोडिंग चिपमध्ये आहे का? यूट्यूबचा बराचसा व्हिडिओ व्हीपी९ नाहीतर एव्ही१मध्ये दाबून येतो. तो उलगडणारा खास भाग चिपमध्येच असला की पंखा गप्प. नसला की सगळे कोअर घामाघूम. लॅपटॉपात इंटेलच्या २०२०च्या अकराव्या पिढीपासून तो मिळतो. रायझनचे आकडे मात्र भारीच फसवे! २०२२च्या ६८००यूमध्ये एव्ही१ आहे, त्यानंतर आलेल्या ७५३०यूमध्ये नाही. नाव नवं, ग्राफिक्स जुनंच. आईची नाटकं व्हीपी९वरही सुरळीत चालतील म्हणा. तरी जुन्या पिढीचा आय७ सोडून अकराव्या पिढीचा आय३ बाजूला ठेवायला सांगितला.