साखरेच्या डब्यातलं पाणी

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी दुष्काळग्रस्त लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. शहरात टाक्यांपाशी जमावबंदी होती आणि रिकाम्या घागरींच्या रांगा लागत होत्या. गाडीची छायाचित्रं देशभर झळकली. त्याच पाण्याचा एक हिशेब मात्र कुणी फारसा मांडला नाही. उसापासून एक किलो साखर व्हायला, शेतावरचा पाऊस धरून, जगाच्या सरासरीने सुमारे 1,800 लिटर पाणी लागतं. म्हणजे ती अख्खी गाडी साखरेच्या हिशेबात जेमतेम पावणेतीन क्विंटलची. आणि लातूरच्या आसपास ऊसही आहे, कारखानेही आहेत.

वस्तूत दडलेल्या या पाण्याला ब्रिटिश अभ्यासक टोनी ॲलन यांनी 'आभासी पाणी' म्हटलं. एका सुती टीशर्टमागे ते अडीच हजार लिटरांच्या वर जातं.

आकड्याबरोबर पाणी कुठलं, हेही बघावं लागतं. सोलापूर-मराठवाड्याच्या काळ्या रानातला शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर, थंडीत पडणाऱ्या दवावर उभा राहतो. ऊस वर्षभर धरणाचं नाहीतर बोअरचं पाणी ओढतो. म्हणून ताटातली ज्वारीची भाकरी ही दुष्काळी मुलखावर माया करणारी गोष्ट आहे.

घरात पाणी वाया जातं ते बरंचसं सवयीने. सकाळी उठल्यावर हंडा-कळशीतलं कालचं पाणी 'शिळं' म्हणून मोरीत ओतायचं आणि भांडी घासून ताजं भरायचं, ही कित्येक घरांतली रीत. झाकून ठेवलेलं स्वच्छ पाणी एका रात्रीत नासत नाही; फार तर ते कपडे भिजवायला घ्यावं. तांदूळ धुतलेलं पाणी कढीलिंबाला घालणाऱ्या आज्या अजून आहेत. ओट्याखालच्या आरओच्या बारीक नळीतून मात्र टाकाऊ पाणी थेट गटारात जातं. जुन्या यंत्रांत लिटरभर शुद्ध पाण्यामागे तीनेक लिटर असं सांडतं. नळीखाली बादली ठेवली की फरशी पुसायला आणि संडासात ओतायला तेवढं पुरतं.

पण वाटणीचा प्रश्न बादलीत मावत नाही. 1972च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे हा पुण्याचा अभियंता-उद्योजक पुरंदर तालुक्यातल्या नायगावच्या उघड्याबोडक्या माळावर गेला. तिथून 'पाणी पंचायत' उभी राहिली. तिचे नियम आजही थक्क करतात. पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांवर: माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही.

ऊस नको म्हणणं बागायतीची स्वप्नं पाहणाऱ्या शेतकऱ्याला किती जड गेलं असेल! शहरातल्या घराला त्या मानाने फारच थोडं सोसावं लागतं. महिन्याच्या यादीतली साखर अर्धा किलोने कमी केली, तर 1,800च्या हिशेबाने 900 लिटर पाणी वाचतं. शहरी पुरवठ्यात माणशी रोज 135 लिटरांचं प्रमाण धरतात. त्या मापाने हे एका माणसाचं जवळजवळ आठवड्याचं पाणी झालं, आणि त्यासाठी चहा फक्त थोडा कमी गोड करावा लागतो.